ज्ञानूच्या अर्जावरचा डाग

मी एक जुना टाक आहे. देव्हाऱ्यातला नव्हे, दौतीतला. साताऱ्याच्या मौला कातारींनी पाळण्याच्या उरलेल्या शिसवी लाकडातून माझी दांडी कातली आणि कराडच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या हरिबांनी मला विकत घेतले.

मित्रांनो, हरिबांचे अक्षर इतके देखणे होते की लोक कागद हातात घेऊन नुसते बघत राहत. मीही कौतुकाने फुगत असे. पण लिहायचो काय? प्रत्येक अर्जाची सुरुवात ठरलेली, ‘मी गरीब, लाचार, आपल्या पायाची धूळ.’ तालमीतला गडी समोर उभा असला तरी कागदावर तो लाचारच! बारा वर्षे मी हे मुकाट्याने लिहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

सेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर उंब्रजचा ज्ञानू आला, बरोबर त्याची बायको शालूबाई. ज्ञानू लॉरीचा ड्रायव्हर. सांगलीचे हळदीचे व्यापारी लालासाहेब यांना चिपळूणच्या फेरीसाठी ड्रायव्हर हवा होता. घाटात लॉरी आपटली म्हणून आधीच्या मालकाने ज्ञानूला काढले होते आणि त्या दिवसापासून त्याला कुणी स्टिअरिंगला हात लावू देत नव्हते. ही नोकरी हुकली तर गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालत बसायचे, एवढेच त्याच्या नशिबी उरले होते.

हरिबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. ‘लाचार’ लिहिताना माझ्या निबेतून शाईचा मोठा थेंब पडला. पडला कसला, मीच पाडला!

“ऱ्हाऊ द्या तो कागद,” ज्ञानू म्हणाला. “दुसरा घ्या. आवं, मी लाचार न्हाई. मी डायवर हाय. तेवढंच लिवा.”

“तेवढ्यानं नोकरी लागती व्हय रं?” हरिबा हसले.

“मग समदं लिवा. लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं, तवा चार वर्सं कोळशाच्या गॅसवर लॉरी चालवली. पैलवानागत दम लागायचा तिला चढाला. तरी कुंभार्ली घाट एकशेसाठ येळा केला. चाकावरच्या कमानीचा पाटा तुटला तर रस्त्यावर बदलतो. दारू पीत न्हाई.”

मी सरसर धावत होतो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

“आनि आता घाटातला अपघात लिवा.”

हरिबांचा हात थांबला. “खुळा का काय तू? ‘एकही अपघात नाही’ असं समद्यांच्या अर्जात लिहितो मी.”

शालूबाईचे डोळे भरून आले. “आवं, नका लिवू. ह्यो शेवटचाच दरवाजा हाय आपला.”

ज्ञानूने कागद हरिबांपुढे सरकवला. “लिवा, हरिबा. ब्रेक नवं टाका म्हनून मालकाला तीनदा सांगितलं हुतं. उतारावर ब्रेक गेलं. दरीकडं न जाता मी लॉरी डोंगराला घासत नेली. गुळाच्या ढेपा फुटल्या. वर बसलेल्या तीन हमालांना खरचाटलंबी न्हाई. मी पुन्यांदा तसंच करीन.”

हरिबांनी एकदा शालूबाईकडे पाहिले आणि लिहिले. शब्दाला शब्द.

पंधरा दिवसांनी कचेरीसमोर भोंगा वाजला. हळदीच्या पोत्यांनी भरलेली लॉरी उभी होती आणि चाकामागे ज्ञानू! खाली उतरून त्याने हरिबांना वाकून नमस्कार केला.

“सतरा अर्ज आलं हुतं,” तो म्हणाला. “लालासाहेबांनी बाकीच्यांना इचारलं, ब्रेक गेलं तर काय कराल? सोळा जनांनी सांगितलं, आमचं ब्रेक कवा जातच न्हाईत. माझा अर्ज त्यांच्या हातातच हुता. मला म्हनाले, तुला काय इचारायचं? जा, ब्रेक तपासून घे आनि माल भर.”

हरिबांनी मला स्वच्छ फडक्याने पुसले आणि हळूच दौतीशेजारी ठेवले. स्वभाव मात्र सुटला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एका धडधाकट माणसाला ‘लाचार’ करायला निघाले. मी डाग पाडला. तिसऱ्या दिवशीही पाडला. शेवटी तो शब्द त्यांनीच सोडला.

आता शाईची नवी पेने आली आहेत. मी फडताळात धूळ खात पडलो आहे, निब गंजली आहे. मित्रांनो, लिहून झाल्यावर आपला टाक धुऊन-पुसून ठेवत जा, एवढी विनंती. आणि उद्या नोकरीसाठी अर्ज लिहाल तेव्हा काय केले ते लिहा, काय चुकले तेही लिहा. मला अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण मला उचलून ‘लाचार’ लिहायला लावाल तर सांगून ठेवतो, या गंजलेल्या निबेतही एक थेंब मी राखून ठेवला आहे.