तिसरं घर

क्लेमेंट कोर्टातल्या कामावरून सुटला तो सायकलने थेट फ्लॉसीकाकीच्या दारात आला. आलूसकाकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला पुरून आठवडा होत आला होता. आज सातव्या दिवसाची प्रार्थना, आणि आळीचं प्रार्थना मंडळ संध्याकाळी तिच्याच ओटीवर जमणार होतं.

काकी मागच्या पडवीत चणे उकडत होती. प्रार्थना आटोपली की वाटायला. तिने वर न बघताच विचारलं, "आज कोण चालवणार?"

"लूर्डसबाय म्हणते, ती चालवेल."

"ती नको. तू चालव." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मेलेल्यांत त्याचं नाव तू घे, क्लेमेंट. फादरने घेतलं, ते चर्चमधल्या मिस्सेत. ते कुणाचंही घेतात. तू घेतलंस तर मला खरं वाटेल. अजून मी रोज दोन कप चहा टाकते."

क्लेमेंट बरं म्हणाला. आपला आवाज त्याला कोर्टात तारीख सांगताना असतो तसाच वाटला. शवपेटीला खांदा देतानाही तो स्वतः असाच कोरडा होता. पुढच्या माणसाची चप्पल तुटली आहे आणि तो पाय घासत चालतो आहे, एवढंच त्या दिवसाचं त्याला नीट आठवत होतं.

पंधरा वर्षांपूर्वी आलूसकाकाने त्याला या मंडळात ओढून आणलं होतं. आलूसकाका केळीचा बागायतदार, शिक्षण चौथीपर्यंत, पण प्रार्थना त्याने चालवावी आणि आळीने ऐकावी. क्लेमेंट नुकता कोर्टात कारकून म्हणून लागला होता. पहिल्याच दिवशी त्याने आजाऱ्यांची नावं कागदावरून वाचली, तर आलूसकाकाने सगळ्यांदेखत त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"अरे, हे कोर्ट आहे का? अमुक तमुक हाजिर हो! डोळे मीट आणि आळीतून चाल. आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापासून सुरुवात कर, विहिरीपर्यंत जा. प्रत्येक दारात थांब. आत कोण आजारी आहे ते बघ, मग नाव घे. मेलेल्यांसाठी परत क्रुसापासून निघ. कुणाचं दार चुकवू नको, नाहीतर उद्या ती बाई तुला पाणी देणार नाही."

लोक हसले होते. पण तेव्हापासून क्लेमेंट तसाच चालत आला. पुढे पुढे दोघं मिळून चालवू लागले. आजारी क्लेमेंटकडे, मेलेले आलूसकाकाकडे. प्रार्थनेनंतर दोघं क्रुसाच्या पायरीवर बसत आणि गप्पा बहुतेक केळीच्या भावाच्याच होत. या पावसाळ्यात आलूसकाकाचं पोट फुगलं, त्याने अंथरूण धरलं आणि तो स्वतःच आजाऱ्यांत आला. क्रुसापासून तिसरं घर. रोज संध्याकाळी क्लेमेंट तिथे थांबे, आलोशियस हे त्याचं पूर्ण नाव घेई, पुढे जाई. मेलेल्यांची नावं तेव्हापासून लूर्डसबाय घेत होती.

सातच्या सुमारास ओटी भरली. लूर्डसबाय पुढच्याच चटईवर बसली होती. शेजारच्या बाईला ती म्हणाली, पण क्लेमेंटला ऐकू जाईल अशा बेताने, "डोळ्यात टिपूस नाही बघ. कोर्टाची नोकरी. माणूस पण फाईल होतो."

"गप गं लूर्डस," मागून म्हातारा ऑगस्टीन म्हणाला. "चण्याचा वास आला की तुझं तोंड सुटतं."

रोझरीची माळ म्हणून झाली. क्लेमेंटने डोळे मिटले आणि तो आजाऱ्यांसाठी निघाला. पहिल्या घरात रिटा, तिची कंबर. दुसऱ्या घरातलं पोर, कांजिण्या. तिसऱ्या घरात तो थांबला आणि म्हणाला, "आलोशियस."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळी ओटी म्हणाली.

म्हणून झाल्यावर सगळ्यांना कळलं, मेलेल्याचं नाव आजाऱ्यांत गेलं. कुणीतरी खाकरलं. क्लेमेंटने डोळे उघडले नाहीत. फ्लॉसीकाकी कुठे बसली आहे हे त्याला ठाऊक होतं. भिंतीला टेकून, दाराजवळ. तिनेही उत्तर दिलं होतं. तिचा आवाज त्याने वेगळा ऐकला होता.

"चुकलं," तो म्हणाला.

तो चौथ्या घरी गेला, पाचव्या, असं करत विहिरीपर्यंत पोहोचला. मग नियमाप्रमाणे परत क्रुसापाशी आला आणि मेलेल्यांसाठी निघाला. पहिलं घर, दुसरं घर. तिसऱ्या घराच्या दारात उभा राहिला. आलूसकाकाचा बाप, त्याचं नाव घेतलं. आई, तिचं घेतलं. लोकांनी उत्तर दिलं. तिच्यानंतर घरात कोण, हे त्याला दिसत होतं. नुसत्या बनियनवर, हातात कोयता, अंगभर केळीच्या चिकाचे काळे डाग. हा मेलेल्यांत कसा घ्यायचा?

ओटी वाट बघत होती. आत चुलीवर पातेल्याचं झाकण हललं.

"आलोशियस," तो म्हणाला.

उत्तर आलं नाही. मघाच्या चुकीने लोक बिचकले होते. आता कोणतं उत्तर द्यायचं याचा जो तो दुसऱ्याकडे बघून अंदाज घेत होता. तेवढ्यात दाराजवळून फ्लॉसीकाकी एकटी म्हणाली, "प्रभू, त्याला शांती दे." मोठ्याने, बाजारात भाव सांगावा तशी. मग बाकीचे म्हणाले.

क्लेमेंट पुढच्या घराकडे वळला. दार दिसलं, उंबरा दिसला. त्या घरातलं कोण वारलं आहे ते काही केल्या आठवेना. पंधरा वर्षं जे घर तो रोज ओलांडत आला, ते रिकामं होतं. त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"माझी सासू, क्लेमेंट," लूर्डसबाय हळूच म्हणाली. "इस्तेर."

"इस्तेर," क्लेमेंट म्हणाला.