आनेत-रोझवरची काळी स्क्रीन

लॅपटॉप चालू होत नसेल, तर

आधी तो कुणाचा आहे ते पाहावं. लेआँद्रचा असेल तर त्याला मासळीचा वास येणार, कीबोर्डच्या फटींत मीठ असणार, आणि तो नेमका हंगामाच्या तोंडावर डोळे मिटणार.

ओदेल सुरेतने झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. "यात आमिष भरून ठेवतोस की काय रे?"

"आमिष बादलीत असतं. यात बाबांच्या जागा आहेत," लेआँद्र म्हणाला. तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एरवी तिच्याशी बोलताना टिंगलीशिवाय त्याचं पान हलत नसे. आज गॅरेजच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. "सोमवारी पहाटे निघायचंय, ओदेल."

हे तिला सांगायची गरज नव्हती. सोमवारी पहाटे पुबनिकोच्या धक्क्यावरून सगळ्या बोटी एकदम सुटणार, शेवंडांचे सापळे टाकायला. चांगल्या जागेवर आधी पोहोचला त्याचे सापळे तिथे. मागून येणाऱ्याने रिकाम्या वाळूवर टाकावेत आणि वसंतापर्यंत नशिबाला शिव्या द्याव्यात. लेआँद्रच्या सासऱ्याने त्याला काही दिलं नव्हतं, बापाने मात्र जागा दिल्या होत्या. म्हाताऱ्या आल्सीदने उभ्या आयुष्यात हुडकलेले खडक, कपारी, खड्डे. एकेक खूण या लॅपटॉपमधल्या नकाशावर होती आणि फक्त तिथेच होती. तो नकाशा बनवणारी कंपनी कधीच बुडाली. नव्या यंत्रांना त्याची भाषा कळत नाही. ओदेलने दोन हिवाळे खटपट करून पाहिली होती.

"आल्सीदकाकांना विचार ना."

"विचारलं. म्हणतात, मला तिथे घेऊन चल, बघितल्यावर ओळखेन. समुद्रात काय बघणार? पाणी?"

तिने बटण दाबलं. आतून टिक, टिक, टिक असा आवाज आला आणि तिने घाईने बटण बंद केलं.

"पुन्हा चालू करायचा नाही. हात लावायचा नाही. घरी जा."

आवाज येत असेल, तर

हार्ड डिस्क शेवटचे आचके देत असते. वर्षानुवर्षं इंजिनाच्या शेजारी थडथडून तिची सुई खिळखिळी होते. अशा डिस्कवरची माहिती उतरवून घेणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या उशीखालून किल्ली काढणं. ओदेलने सगळा शनिवार तेच केलं. नक्कल मध्येच अडे, तिचा श्वास अडे, पुन्हा दोघं चालू. बहिणीने रापूरचं, किसलेला बटाटा घालून भाजलेल्या त्या पदार्थाचं, पातेलं आणून ठेवलं, ते गार झालं, वरचा कुरकुरीत पापुद्रा मांजराने खाल्ला, तिला पत्ता नाही.

मग नवीन डिस्क बसवली, जिच्यात फिरणारं काही नाही आणि म्हणून तुटणारंही काही नाही. दुसऱ्या एका मेलेल्या लॅपटॉपमधून मेमरी काढून याला दिली. फुगलेली बॅटरी फेकली, बोटीवर काय, वायरच लागते. पंख्यातून कुत्र्याचे केस निघाले. लेआँद्रकडे कुत्रा नव्हता.

रविवारी चर्चच्या घंटा व्हायच्या आत नकाशा उघडला. निळ्या पाण्यावर गोवर उठावा तसे लाल ठिपके. ओदेल खुर्चीत मागे रेलली आणि थंड रापूर पातेल्यातूनच खायला लागली.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

चालू झालेला पुन्हा बंद पडला, तर

"काळा आहे," फोनवर लेआँद्र म्हणाला.

"कोण?"

"लॅपटॉप! बोटीवर नेऊन लावला. चिन्ह येतं, जरा उजेड होतो, आणि ठार काळा."

"इकडे आण."

आणला. तिच्या टेबलावर ठेवला. सगळे ठिपके जागच्या जागी. लेआँद्रने बघितलं, तिने बघितलं. तो घेऊन गेला.

"काळा आहे," फोनवर लेआँद्र म्हणाला.

कुणाला दोष द्यायचा ते ठरत नसेल, तर

दुरुस्त करणारीला द्यावा. तीच सगळ्यात जवळ असते.

लेआँद्रच्या बोटीवर, आनेत-रोझवर, सापळे इतके रचले होते की केबिनमध्ये शिरायला ओदेलला कडेकडेने चालावं लागलं. धक्क्यावर शेजारच्या बोटींतली माणसं दोर तपासत होती, आणि तपासता तपासता ऐकत होती.

"पूर्वी निदान टिक टिक तरी करायचा," लेआँद्र म्हणाला. "आता शांतपणे मरतो. सुधारणा म्हणायची."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. आता हंगामभर गप्पच बसायचंय."

वाल्मोर हसला. वाल्मोर बोटीवरचा खलाशी, लेआँद्रपेक्षा वयाने मोठा, हाताला चैन नसलेला माणूस. या शरदात त्याने बोटीवर काय काय ठोकून ठेवलं होतं: कॉफीच्या मगासाठी कडी, हातमोज्यांना दांडी, आणि काल, लॅपटॉप ओदेलकडे असताना, त्याच्यासाठी सुकाणूजवळ पातळ लाकडाचा देखणा ट्रे. लॅपटॉप त्यात मापात बसत होता.

ओदेलने वायर बदलून पाहिली. थंडीने असेल म्हणून हीटरसमोर धरला, मग ट्रेमध्ये ठेवला. काळा. इंजिनाच्या थडथडीने असेल म्हणून इंजिन बंद करायला लावलं. काळा. नवीन मेमरी काढली, जुनी घातली, बोटं गारठून स्क्रू दोनदा खाली पडला, आणि

काळा.

"जुनी डिस्क परत घाल," लेआँद्र म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा उरली नव्हती. "टिक टिक करू दे. एक दिवस चालली तरी पुरे मला."

"ती एक तासही चालणार नाही."

"मग मी उद्या कुठे जाऊ, सांग ना! बाकीच्या बोटींच्या मागे मागे वाळूवर?"

ती लॅपटॉपकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला कडेचा बारका दिवा दिसला. तो हळू उजळत होता, हळू मावळत होता.

"हा मेलेला नाही," ती म्हणाली. "झोपलाय."

"मग उठव त्याला."

"पण याला झोपायला सांगतंय कोण?"

तेवढ्यात बोट जराशी कलली. आल्सीदकाका आले होते. ते आता समुद्रावर जात नसत, पण हंगामाच्या आदल्या दिवशी येऊन सुकाणूला हात लावल्याशिवाय बोट सुटू देत नसत. ते खुर्चीत बसले, धापा टाकल्या, आणि सवयीने समोरच्या होकायंत्राकडे पाहिलं.

"हा धक्का कधी फिरवला रे?"

"काय?"

"इथे बांधलेली बोट वायव्येला तोंड करून असते. माझ्या बापाच्या वेळेपासून. हे पश्चिम दाखवतंय."

"तुमचा चष्मा फिरला असेल, काका," वाल्मोर म्हणाला.

"बाबा, ते कोण बघतं आता?" लेआँद्र वैतागला. "इथे माझं डोकं फिरलंय आणि तुम्ही—"

"थांब," ओदेल म्हणाली. तिने लेआँद्रचा दंड धरला होता. "होकायंत्र चुकतंय. कधीपासून?"

"सांगितलं ना, ते कोण—"

"इथे लोहचुंबक कुणी ठेवलंय?"

वाल्मोरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"ठेवलंय असं नाही," तो म्हणाला. "ट्रेच्या बुडाला बसवलेत. जुन्या स्पीकरमधले. खाली लोखंडाची पट्टी मारलीय. बोट कितीही आडवी झाली तरी हलत नाही, ओदेल! ओढून बघ!"

तिने ट्रे ओढला नाही. लॅपटॉप तेवढा वर उचलला. हातभर वर आला आणि स्क्रीन उजळली. निळं पाणी, लाल ठिपके. परत ट्रेमध्ये ठेवला: काळा. उचलला: निळा.

तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. ती तिथेच खाली बसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

"झाकण मिटलं की हा झोपतो, बरोबर? त्याला कळतं कसं? झाकणात मसुरीच्या दाण्याएवढं चुंबक असतं. ते जवळ आलं की हा समजतो, मिटलं, झोपा. आणि तू, वाल्मोर, त्याला मसुरीचं अख्खं पोतं उशाला दिलंस!"

"मी चांगल्यासाठीच केलं," वाल्मोर पुटपुटला.

"चांगल्यासाठी!" आल्सीदकाका खुर्चीतून म्हणाले. "धुकं आलं असतं आणि ती यंत्रं बंद पडली असती, तर चांगल्यासाठी अमेरिकेला लागली असती बोट."

लेआँद्रने ट्रे पकडला, पाय रोवून उपटला आणि धक्क्यावर भिरकावला. होकायंत्राची तबकडी डुलली, डुलली, आणि वायव्येला जाऊन स्थिरावली. मग तो ओदेलशेजारी खाली बसला. टोपीने तोंड पुसलं.

"मी जे बोललो ना..."

"ते शेजारच्या बोटीपर्यंत ऐकू गेलंय. माफी पण तेवढ्याच मोठ्याने माग."

वाल्मोरने लॅपटॉप जुन्या ट्यूबच्या रबराने बांधून टाकला. दिसायला गचाळ. स्क्रीन मात्र जागी.

बरा झाला की नाही ते कळत नसेल, तर

वाट पाहावी.

पहाटे धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. पाद्र्याने पाणी शिंपडलं, दिव्यांची रांग उपसागरातून बाहेर पडली आणि एकेक दिवा लहान होत गेला. ओदेल आल्सीदकाकांना त्यांच्या घरी घेऊन आली. स्वयंपाकघरात बोटींचा रेडिओ लावलेला होता. काकांनी पावावर काकवी ओतली. ओदेलने चहाचा कप नुसता धरून ठेवला.

उजाडल्यावर रेडिओ खरखरला आणि लेआँद्रचा आवाज आला. कुणीतरी त्याला विचारलं होतं, कसं काय चाललंय.

"कसलं काय! लॅपटॉप पुन्हा मेला. स्क्रीन काळीठिक्कर. माझ्या मेहुणीने पार वाट लावली त्याची. कुठे आहे तेही कळत नाही, अंदाजाने टाकतोय झालं."

ओदेलचा कप बशीवर आपटला. रबर सुटलं असेल. नवीन डिस्क गेली असेल. स्क्रू, तो खाली पडलेला स्क्रू नीट बसला नसेल. तिने कोटाला हात घातला, जणू चालत समुद्रात जाणार होती.

आल्सीदकाका पाव चावत होते. त्यांनी काकवीचं बोट वर केलं.

"बस. त्याचं बोलणं काय ऐकतेस? मागचं ऐक."

लेआँद्र अजून रडगाणं गात होता. ओदेलने कान दिला. त्याच्या आवाजामागे, वाऱ्यामागे, काहीतरी पाण्यात पडत होतं. धप्प. मग तेवढाच वेळ जाऊन धप्प. पुन्हा धप्प. एका मागोमाग एक सापळे, मध्ये न थांबता, न चाचपडता.

"वाट चुकलेला माणूस असे टाकतो होय?" आल्सीदकाका म्हणाले. "माझ्या मोठ्या खडकावर आहे तो. आणि मागे कुणी येऊ नये म्हणून बोंबलतोय. रेडिओवर खरं बोलला असता तर मी त्याला घरात घेतलं नसतं."

"पण माझं नाव कशाला?"

"तुझं नाव घेतलं म्हणून तर पटलं सगळ्यांना."

ओदेल कोट घातलेलाच ठेवून खाली बसली. चहा अजून गरम होता. तिने पावाचा तुकडा तोडला, आणि खाता खाता दोघं तो आवाज ऐकत राहिले. धप्प. धप्प. धप्प.