तिसऱ्या न्यायाधीशांचं वाक्य

"काकू, सापडलं! आता कोण हरवतंय आपल्याला!"

सेहेचाळिसाव्या वर्षी कायदा शिकायला बसलं की वर्ग काकूच म्हणणार. ओरडली ती माझी जोडीदारीण. तिला सगळे घाई म्हणतात. सरांनी दिलेलं प्रकरण असं: मालकाने नोटीस न देता भाडेकरूच्या राहत्या घराला कुलूप ठोकलं. आम्ही भाडेकरूच्या बाजूने. पाच वाजेपर्यंत टिपण द्यायचं. ज्या जोडीचं उत्तम, ती कॉलेजतर्फे वादस्पर्धेत बोलणार. मला बोलायचंच होतं. घरात पंचवीस वर्षं बोलतेय, पण तिथे कोणी नोंदवून घेत नाही.

आमच्या घाईने ग्रंथालयात सापडलेल्या जुन्या निवाड्यातून वाचून दाखवलं, ‘नोटिशीवाचून लावलेलं कुलूप म्हणजे निव्वळ दांडगाई.’ सोनंच! मी उतरवून घेतलं. पण मला खोड आहे, औषधाच्या डबीतला कागदसुद्धा मी अथपासून इतिपर्यंत वाचते. निवाडा पहिल्या पानापासून धरला आणि उतरवलेल्या वाक्यावर काट मारली.

"अगं, न्यायाधीश तीन आहेत. हे वाक्य तिसऱ्यांचं. बाकी दोघांनी मालकाला जिंकवलंय. आपण हरलेलं मत निकाल म्हणून मिरवतोय!"

साडेतीन वाजले होते.

"गप बसा ना काकू. सर कुठे चाळीस पानं वाचतायत?"

"सर नसतील वाचत. समोरची बाजू वाचेल ना!"

ती गाल फुगवून बसली. मी त्या दोघांचं मत वाचत राहिले. अडतिसाव्या पानावर एक ओळ: ‘हा निर्णय दुकानांपुरता. राहत्या घराचं काय, हे आम्ही आज ठरवत नाही.’

मी तिचा दंड असा दाबला की ती किंचाळलीच. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पाहू देत! आपलं तर घर आहे, दुकान नव्हे! मी सांगत गेले, ती लिहीत गेली. ती खोडत गेली, मी भांडत गेले. पाचला पाच मिनिटं कमी असताना जिना धावत चढलो. माझे गुडघे मला काय वाटेल ते बोलले.

सरांनी पहिलं पान पाहिलं. "आपल्याविरुद्धचा निवाडा सुरुवातीलाच?"

"पुढे वाचा ना सर."

त्यांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं. "आज चार जोड्यांनी तिसऱ्यांचं वाक्य निकाल म्हणून दिलंय," ते हसून म्हणाले. "शनिवारी दहाला स्पर्धा. सुरुवात कोण करणार?"

"मी!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.