आईची थमीन बाधत नाही

मी एक जुनी रेशमी थमीन आहे. थमीन म्हणजे बायकांनी कमरेला गुंडाळून नेसायचे वस्त्र. सध्या मी न्यो म्या नावाच्या एका विधवा बाईच्या दाराच्या चौकटीवर टांगलेली आहे. ही जागा थमिनीची नव्हे, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. मी इथे कशी येऊन पोचले, ते सांगायचे तर मित्रांनो, मला सुरुवातीपासून सांगावे लागेल.

माझा जन्म अमरपुरात, तळ्याकाठच्या एका मागावर झाला. दोन बहिणी शेजारी शेजारी बसून मला विणत असत. त्यांच्या हातांत रंगीत रेशमाचे इवले इवले धोटे सारखे इकडून तिकडे फिरत. माझ्या अंगावरची लाटांची नक्षी अशी अवघड की ती उलट्या बाजूनेच विणावी लागते. सुलटी बाजू जमिनीकडे असते आणि खाली आरसा ठेवलेला असतो. त्या दोघींनी माझा चेहरा आरशातच पाहिला. मागावरून उतरले तेव्हा मी शेवाळी रंगाची होते, अंगभर पांढऱ्या आणि पिवळ्या लाटा होत्या, आणि खरे सांगते, मला थोडा गर्वही झाला होता.

न्यो म्याने मला लग्नात नेसले. तिचा नवरा सायकलरिक्षा चालवायचा. मला नेसून ती त्याच्या रिक्षात बसून देवळाकडे निघाली की बायका माना वळवून बघत. पण घरी आल्यावर माझा तोरा उतरायचा. मला पुरुषांच्या कपड्यांत धुवायचे नाही, पुढच्या अंगणात वाळत घालायचे नाही. मागच्या बाजूला, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ, कमरेएवढ्या उंचीवर बायकांच्या कपड्यांची वेगळी दोरी होती. पुरुष थमिनीखालून गेला तर त्याचे तेज उतरते, त्याचे बळ जाते, असे आमच्याकडे मानतात. चोरही ते मानतो आणि फौजदारही मानतो.

मला याचे हसू येई. कारण न्यो म्याला पाय ल्विन हा मुलगा झाला तेव्हा तिने माझीच झोळी करून तुळईला बांधली. वर्षभर तो माझ्यात झोपला, माझ्यातच मुतला आणि माझा काठ चोखत मोठा झाला. तेव्हा कोणी म्हणाले नाही की पोराचे तेज उतरेल. आईच्या थमिनीची गोष्टच वेगळी. ती मुलाला बाधत नाही, उलट राखते. लढाईला जाणारी माणसे आईच्या थमिनीचा तुकडा जवळ बाळगतात तो त्यासाठीच.

त्याच्या पाठची थिरी, तीही त्याच झोळीत वाढली. पुढे नवरा गेला. न्यो म्याने रेशीम नेसणे सोडले आणि मी पत्र्याच्या ट्रंकेत गेले. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि अंधार. माझी आठवण कोणाला उरली नव्हती.

ट्रंक उघडली ती पाय ल्विन पोलिसात भरती झाला त्या दिवशी. न्यो म्याने कात्री घेतली आणि माझ्या काठाचा चार बोटे तुकडा कापला. मला फार दुखले, पण मी तिला दोष दिला नाही. तिने तो तुकडा मुलाच्या छातीवरच्या खिशात घातला आणि म्हणाली, "भीती वाटली, राग आला, तर आधी खिशात हात घालायचा. कळलं का?"

"आई, मी चौकात वाहतूक बघणार आहे. लढाईला नाही चाललो," तो हसत म्हणाला.

"वाहतूक काय कमी असते? घाल खिशात."

थिरी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. लोकांनी मते दिली, आवडीची माणसे निवडून दिली. आणि एका पहाटे सेनापतींनी त्या माणसांना घरांतून उचलून नेले आणि देश आपल्या हातात घेतला. थिरीने त्याच आठवड्यात निषेध म्हणून शाळेच्या कामावर जाणे सोडले. शेकडो लोक रस्त्यावर बसू लागले. हातात फलक, फुले, पाण्याच्या बाटल्या. कोणी दगडसुद्धा उचलला नाही. मी ट्रंकेत होते, पण ट्रंकेतही घोषणा ऐकू येत. मग एक दिवस घोषणांनंतर दुसरे आवाज ऐकू आले, आणि त्या रात्री गल्लीत कोणी चूल पेटवली नाही.

पाय ल्विनची सुट्टी बंद झाली. तो फोनही उचलीना. चौकात उभा राहणारा आपला पोरगा आता बंदूक घेऊन कुठल्या रस्त्यावर उभा असेल, या विचाराने न्यो म्याचे अन्नावरचे मन उडाले.

गल्लीच्या बायकांनी मग एक युक्ती केली. गल्लीच्या तोंडाशी, दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर सगळ्यांच्या थमिनी टांगल्या. चहाच्या दुकानाची मालकीण मा च्वे हिने पहिली टांगली.

"माझी थमीन बघून माझा नवरा कधी घाबरला नाही, हे काय घाबरणार?" एक जण म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यात आधी तेज होतं का ते सांग!" मा च्वे म्हणाली, आणि भेदरलेली गल्ली कितीतरी दिवसांनी हसली.

आणि खरेच, पोलीस आले आणि दोरीपाशी थबकले. ज्यांच्या हातांत बंदुका, ढाली, काठ्या, ते धुतलेल्या कपड्यांकडे बघत उभे राहिले. साहेब भोंग्यातून ओरडले, "बायकांनो, लाज नाही वाटत?"

"तुम्हाला वाटते का, ते आधी बोला!" मा च्वेने आतून उत्तर दिले. बांबू शोधेपर्यंत, थमिनी ओढून जाळेपर्यंत गल्लीत धरणे धरून बसलेली तरुण मुले मागच्या भिंतींवरून पसार झालेली असत. दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा भरलेली असे.

मग बातमी आली की आता आपल्या भागात पाय ल्विनची तुकडी येणार. न्यो म्या उठली, तिने ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढले.

"आई, ही नको. ही तुझ्या लग्नाची," थिरी म्हणाली.

"म्हणूनच. तो हा कापलेला काठ बघेल आणि ओळखेल. आईच्या थमिनीखालून बंदूक घेऊन जायला त्याचे पाय उचलणार नाहीत."

मलाही ते खरे वाटले. न्यो म्याने बाकीच्या थमिनी दोन्हीकडे सरकवल्या आणि मला बरोबर मधोमध टांगले. जन्मात पहिल्यांदाच मी माणसांच्या डोक्यांच्या वर होते. खाली सगळी गल्ली दिसत होती. थिरी मुलांच्या रांगेत पुढेच बसली होती. मला पुन्हा गर्व झाला, मित्रांनो. त्या गर्वाची आज लाज वाटते.

सकाळी तुकडी आली. बूट थांबले. पाय ल्विन दुसऱ्या ओळीत होता, वाळलेला, डोळे खोल गेलेला. त्याने वर पाहिले. माझा कापलेला काठ त्याला दिसला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"काय रे? भूत बघितलंस का?" साहेबांनी विचारले.

"साहेब, ही... ही माझ्या आईची आहे."

मला वाटले, आता साहेब चिडतील, तुकडी मागे फिरेल. साहेब हसले. अगदी घरच्या माणसासारखे हसले.

"मग तुला कसली भीती? आईची थमीन बाधत नाही. उलट पुण्य लागतं. जा बाळा, तूच काढ."

मित्रांनो, न्यो म्याची चूक माझ्या तेव्हा लक्षात आली. बाकी कुठल्याही थमिनीला हात लावायला तो धजला नसता. साऱ्या तुकडीत एकट्या त्यालाच जिला हात लावता येत होता, ती थमीन मी होते, आणि मी मधोमध होते.

तो हळूहळू पुढे आला. मी नको नको म्हणत होते. वाऱ्यावर हलण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. त्याने माझा काठ कपाळाला लावला. मग दोरीवरचे चिमटे काढले, मला खाली घेतले आणि इतर थमिनींसारखी मी जाळली जाऊ नये म्हणून सदऱ्याच्या आत, छातीशी दडवले. त्याने ते मायेने केले, हे मला सांगितलेच पाहिजे. पण दोरीखाली माझ्या जागी एक माणूस जाईल एवढी वाट झाली होती.

"चला. एकामागून एक," साहेब म्हणाले.

पुढचे मी पाहिले नाही. मी आत होते. खिशातला माझा तुकडा कापडापलीकडून मला लागत होता, आणि त्याचे काळीज धडधडत होते. बंदुका वाजल्या. मुले किंचाळली. त्याने बंदूक चालवली असती तर खांद्याचा धक्का मला जाणवला असता. तो जाणवला नाही, एवढे मी शपथेवर सांगते. पण वाट त्यानेच केली होती.

मग तो धावला आणि त्याने मला बाहेर खेचले. मा च्वेच्या दुकानाचे फाटक एका हाताने उघडे धरून थिरी मुलांना आत घेत होती. तिथेच मानेला गोळी लागून ती पडली होती. त्याने मला तिच्या मानेवर दाबले. "थिरी, ए थिरी, मी आलोय, दादा." ती त्याच्याकडे बघत होती, पण तिने त्याला ओळखले की नाही हे मला कळले नाही. रक्त माझ्या लाटांतून वाहत राहिले आणि मग थांबले. त्याला दोघांनी दंडाला धरून ओढत नेले.

न्यो म्याने मला तीनदा धुतले. डाग गेला नाही. मग तिने मला मागच्या दोरीवर घातले नाही, ट्रंकेतही ठेवले नाही. दाराच्या चौकटीवर टांगले.

आज दुपारी पाय ल्विन आला. अंगावर वर्दी नाही, पायांत चप्पल नाही. तो तुकडी सोडून पळाला आहे आणि ते त्याला शोधत आहेत. न्यो म्या चुलीपाशी होती. तिने त्याला पाहिले. मग तिने ताटात भात वाढला.

"ये आत. कोणी बघेल."

तो उंबऱ्यापर्यंत आला. वर बघितले. माझ्यावरचा तपकिरी डाग त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याचे पाय उचलेनात.

"ये रे. आईचीच आहे. बाधत नाही."

"बाधते, आई," तो म्हणाला आणि पायरीवर बसून रडायला लागला.

मी त्याची झोळी होते. मला त्याला सांगायचे होते, ये बाळा, मी तुला काही करणार नाही. पण थिरीही माझ्याच झोळीत वाढली होती, आणि मला ते म्हणवले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्त्राने निरोप घेताना म्हणायचे असते की मला जपा, कसर लागू देऊ नका. माझे तसे काही मागणे नाही. एकच सांगते. तुमच्या आईच्या मायेचे नाव घेऊन कोणी हसत म्हणाला, "जा, तुला काही होत नाही," तर त्याच्यासाठी वाट मोकळी करण्याआधी पलीकडे कोण बसले आहे ते बघा.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. न्यो म्याने मला खाली काढले नाही. ताट हातात घेऊन ती माझ्याखालून बाहेर आली आणि पायरीवर मुलाच्या शेजारी बसली.

"जेव," ती म्हणाली. "मी आहे इथे."