मिलिग्रॅमचे आवरण

आई गेली त्याच्या आदल्या दिवशीही मायलेकींचे वाजले ते आम्हा आवरणांवरूनच. मित्रांनो, मी एक जुने आवरण आहे. कागदाचे नव्हे, संगणकाच्या प्रोग्राममधले. रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्राम या दोघी लिहायच्या. माझ्या पोटात एकच आकडा असतो, औषधाचे मिलिग्रॅम. माझ्या भावाच्या पोटात मिलिलिटर. आकडे उघडे ठेवले तर कुणीही घाईत त्यांची बेरीज करून बसेल, म्हणून आईने आम्हाला घडवले; आकडे आवरणात असले की संगणकच अशी बेरीज अडवतो.

आता, आत ठेवलेले बाहेर काढायची सूचनाही लिहावी लागते. खाटेच्या नंबराचे आवरण, खोलीच्या नंबराचे आवरण, प्रत्येकाला त्याच त्या चार ओळी. आई त्या हाताने लिहायची. मला आणि भावाला मात्र तिने ती सूचना मुद्दाम दिली नव्हती.

"अगं आई, वर एक शब्द टाक. संगणक या ओळी आपोआप तयार करतो. किती वेळा सांगू?"

"सांग की. तुला दुसरं काम काय!"

"मग बोटं दुखतात म्हणून कण्हत बसतेस."

"बोटं माझी आहेत ना? हाताने लिहिताना विचार होतो, याला उघडू द्यायचं की नाही."

"खाटेच्या नंबराचा कसला डोंबलाचा विचार!"

मला दोघींचाही वैताग आला होता. एक ऐकेना, दुसरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

काही आठवड्यांनी लेक आईच्या टेबलाशी बसली आणि तिने सरसकट सगळ्यांच्या डोक्यावर तो शब्द ठेवला. आमच्याही! शेकडो ओळी गळाल्या. सुटसुटीत झाले, नाही कशाला म्हणू? पण आता कुणीही यावे आणि आमच्या पोटातले काढून न्यावे. एका सहकाऱ्याने मिलिग्रॅममध्ये मिलिलिटर मिळवले, आणि पूर्वी आडवा येणारा संगणक गप्प बसला. मी ओरडावे तरी कसे? मला तोंड कुठे आहे?

प्रोग्राम पंपात जाण्याआधी लेकीने ती बेरीज वाचली. तिचा चेहरा उतरला. आम्हा दोघा भावंडांवरचा शब्द तिने काढला. खाटेच्या नंबरावरचा राहू दिला.

मित्रांनो, आपोआप होण्यासारखे काम खुशाल आपोआप होऊ द्या. फक्त कुणाला उघडे टाकायचे नाही, हे आधी ठरवा. नंतर आमच्यावर चिडू नका.

लेकीने प्रोग्राम पुन्हा चालवला. संगणकाने ती बेरीज अडवली. तेव्हा रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली, "आई, त्या ओळींचं मला काही पडलं नव्हतं गं. तुझ्याजवळ बसायला मिळायचं, म्हणून रोज भांडायचे."