बोडक्या रांगेतलं कुसळ

मित्रांनो, मी एका जुन्या वाणाचं गव्हाचं रोप आहे आणि जन्मापासूनच जरा मोडकं आहे. बाहेरून दिसत नाही ते. आमच्या पेशीत गुणसूत्रं असतात, बारीक धाग्यांसारखी. त्यातल्या एका जोडीचा शेंडा माझ्या पूर्वजांपासूनच तुटलेला. माणसांत घराण्याचं नाक चालत येतं, आमच्यात हा गेलेला शेंडा.

सोलापुरात संशोधन करणाऱ्या काव्याला नेमकं असंच रोप हवं होतं. आमचा वाण बोडका, म्हणजे ओंबीला कुसळ नसणारा. कुसळ दाबून ठेवणारं जनुक गुणसूत्रावर कुठे बसलंय, याचा ती शोध घेत होती. युक्ती सोपी होती. शेंडा गेलेल्या रोपाला कुसळ फुटलं, तर ते जनुक त्या शेंड्यावरच राहत होतं. नाही फुटलं, तर त्याचं घर आणखी आत.

कोंब असतानाच तिनं आमच्या मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, मोडक्या रोपांना लाल दोरा बांधला आणि धडधाकट भावंडांसोबत मैंदर्गीजवळच्या शेतात लावलं. बियाणं तेवढंच होतं. रोपं गेली असती तर तिचा प्रबंधही गेला असता.

शेत सांभाळायला होते सिद्धलिंगप्पा. उभी हयात त्यांनी बियाण्याच्या प्लॉटवर काढलेली. रांगेत वेगळं दिसेल ती भेसळ, आणि भेसळ दिसली की उपटायची, हा त्यांचा धर्म. काव्यानं त्यांना पाणी सांगितलं, खत सांगितलं. दोरा कशाचा, ते सांगायचं राहिलं. शिकलेल्या माणसांना वाटतं, आपल्याला ठाऊक ते वाऱ्यानंही पसरतं.

येळवस आली, मार्गशीर्षातल्या अमावास्येचा रानातला सण. पाहुणे रानात जेवायला येणार होते. ओंब्या नुकत्याच बाहेर पडलेल्या, आणि मला चक्क कुसळ फुटलं होतं. वाटलं, आता कौतुक होणार. सिद्धलिंगप्पांनी मला मुळासकट उपटलं.

दुपारी काव्या आली. रांगेत वाकून लाल दोरे शोधू लागली. एकही सापडेना.

"मामा, दोरेवाली रोपं कुठायत?"

"ती व्हय?" सिद्धलिंगप्पांनी आंबिलीचा पेला पुढे केला. "भेसळ हुती, ताई. सकाळीच काडली. रान बगा की, कसं आरशावानी दिसतंय."

काव्यानं पेला तसाच खाली ठेवला. "भेसळ कशावरून?"

"दोरा तितं कुसळ. बिनदोऱ्याचं एक बी न्हाय. मला वाटलं, उपटायसाटी तुमीच खूण करून ठिवलीय."

काव्या बांधावर बसली. रडावं की हसावं, तिला कळेना. तिचं उत्तर या माणसानं उपटलं होतं, आणि तोंडानं सांगितलंही यानंच.

"टाकलीत कुठं?"

"म्हशीम्होरं टाकणार हुतो. पर सणाचं तिला आज लई झालंय. हायत तितं, बाभळीखाली."

ती धावली. आम्ही मान टाकून पडलो होतो, पण दोरे होते आणि कुसळंही. सारं कळल्यावर सिद्धलिंगप्पांचा चेहरा उतरला. "अय्यो, आदी सांगायचं की, ताई."

"चुकलंच माझं," काव्या म्हणाली. मग दोघांनी मिळून आम्हाला ओल्या मातीच्या पिशव्यांत बसवलं. बरीच रोपं वाळून गेली. मी जगलो, मूठभर बारीक दाणे दिले. जनुकाचा पत्ता लागला: तुटलेल्या शेंड्यावर.

मित्रांनो, मोडकं ते फेकू नका, असं मी म्हणत नाही. फेकायचंच असेल तर फेका, पण त्यातलं काय गेलंय, ते आधी नीट बघून घ्या. गेलेल्याचा पत्ता पुष्कळदा उरलेलंच सांगतं.