बरठाकुरसाहेबांची बारावी कादंबरी

मी एक जुना असमिया टाइपरायटर आहे, मित्रांनो. माझी अक्षरे बंगालीसारखी दिसतात, पण 'र' आणि 'व' मात्र खास असमियाचे. सध्या मी इंग्लंडमध्ये, वॉटफर्डमधल्या एका घराच्या माळ्यावर असतो.

माझे मालक निरुपम बरठाकुर आसाममध्ये जिल्हाधिकारी होते. दिवसभर सरकारी काम करत आणि पहाटे माझ्यावर कादंबऱ्या लिहीत. अकरा लिहिल्या. लोक त्यांच्या भाषेचे कौतुक करत, तेव्हा मीही सुखावत असे.

एका वर्षी पुरात शहर बुडायला आले. साहेबांनी नदीच्या पलीकडच्या काठावरचा बांध फोडण्याचा हुकूम काढला. तो माझ्यावरच टाइप झाला. शहर वाचले, पण पलीकडच्या गावाला वेळेवर निरोप पोचला नाही. नऊ माणसे गेली. सरकारने साहेबांना शाबासकी दिली. त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांनी कथेची एक ओळही लिहिली नाही.

पत्नी वारल्यावर मुलगी नीलाक्षी त्यांना इंग्लंडला घेऊन आली. त्यांच्याबरोबर मीही आलो. तिचा नवरा पुष्कर पुण्याचा. इथे साहेबांनी त्या गावावर बारावी कादंबरी सुरू केली. घरात असमिया वाचणारी एकटी नीलाक्षीच.

"नीला, दोन पानं वाचून दाखवू?"

"देउता, आत्ता मीटिंग आहे. वीकेंडला नक्की." देउता म्हणजे बाबा.

असे कितीतरी वीकेंड गेले. नात सिया जवळ येऊन बसे. "आजोबा, मला ही भाषा येत नाही ना," असे म्हणून हिरमुसे.

मग साहेब विसरू लागले. आधी शब्द, मग माणसे. एके दिवशी माझ्यावर बोटे ठेवून ते नुसतेच बसून राहिले.

तेव्हा नीलाक्षीने रजा घेतली आणि त्यांच्या पलंगाशी बसून ती पाने मोठ्याने वाचू लागली. त्या नऊ जणांची नावे आली, तशी तिने पाने खाली ठेवली.

"देउता, हे सगळं एकट्यानं मनात ठेवलंत?"

साहेबांनी तिच्याकडे परक्यासारखे पाहिले. "लिहिणाऱ्याला फार त्रास झालेला दिसतो," ते म्हणाले. "त्याच्या घरी कोणी आहे का?"

नीलाक्षीने पाने पुन्हा उचलली आणि ती पुढे वाचू लागली.

मार्चमध्ये साहेब गेले. शेवटचे प्रकरण त्यांच्याबरोबरच गेले.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला, त्याचे मला काही नाही. पण तुमच्या घरातले कोणी काही वाचून दाखवू म्हणाले, तर हातातले काम ठेवा आणि त्याच दिवशी ऐका.